पेटीवरचं नाव

लिचीवर जाळ्या चढल्या की माझ्या छातीत धडधडायला लागतं. लिचीचा आणि छातीचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. गेल्या वर्षापर्यंत तो नव्हताच. आमच्या घोलवडात मे महिन्यात लिचीला रंग चढतो, वटवाघळांना त्याची बातमी आमच्याआधी लागते, मग बागाबागांतून झाडांवर जाळ्या टाकायची गडबड उडते. इतकी वर्षं ही गडबड मी ओट्यावर बसून, ताडगोळे सोलत, मजेत पाहिली. यंदा पहिली जाळी चढताना दिसली आणि माझा हात आपोआप कमरेला गेला, फोन खोचलेला आहे ना ते बघायला.

त्याच दुपारी हंसाबेन आल्या. त्यांची नर्सरी आमच्या बागेला लागून आहे. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि माझ्याशी दोन्हींची भेळ. भर उन्हातून आल्या आणि पाणीही न पिता म्हणाल्या, "मीनाबेन, आमच्या क्रिनाचं नाव वेटिंगवर आलंय. एमबीएचं. तुमच्या मानसीचं पण तसंच होतं ने? मग तुम्ही काय केलं? मला बधू सांगा, काय पण ठेवू नका."

मी तांब्या पुढे सरकवला. सगळं सांगा म्हणे! क्रिना त्यांच्या मागे उभी होती, फोन हातात घट्ट धरून, आणि तिचे डोळे अगदी मानसीच्या गेल्या वर्षीच्या डोळ्यांसारखे होते. झोप न झालेले नाहीत. झोपेतही जागे राहिलेले.

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे, असं आमचे हे म्हणतात. मुख्य धंदा तलासरीच्या शाळेत मराठी शिकवण्याचा. एसटी दोन मिनिटं उशिरा आली तरी मी मनातल्या मनात तिचा अपघात करून, जखमींना दवाखान्यात पोचवून मोकळी झालेली असते. अशा बाईच्या मुलीला कुणी एकदाच काय ते 'हो' किंवा 'नाही' सांगून टाकावं. पण दक्षिणेतल्या त्या मोठ्या मॅनेजमेंट कॉलेजाने गेल्या मे महिन्यात मानसीला जे कळवलं ते ना हो होतं, ना नाही. तुम्ही आम्हाला आवडलात, पण सध्या जागा नाही. कुणी सोडली तर कळवू. स्थळ बघायला आलेल्या लोकांनी कांदेपोहे खाऊन "कळवतो" म्हणून जावं आणि मुलीकडच्यांनी गेटच्या आवाजाकडे कान लावून बसावं, तशी आमची गत झाली.

मानसीचं दुसरीकडे कुठेही नाव नव्हतं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. उंबरगावच्या कंपनीतली नोकरी, सकाळची गाडी, संध्याकाळी परत येऊन प्रवेशपरीक्षेचा अभ्यास, रविवारच्या चाचण्या, अशी तिने दोन वर्षं काढली होती. मेल आली त्या दिवशी ती पायरीवर बसून चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, हे नाही झालं तर परत परीक्षा देणार नाही हं मी. दमले." सरळ, न रडता म्हणाली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी आपली लिंबाचं सरबत करायला आत गेले आणि त्यात साखरेऐवजी मीठच दोनदा घातलं.

त्या महिन्याचा उकाडा मला अजून अंगावर आठवतो. चिकूची झाडं इतकी दाट की खाली सावली असते पण वारा नसतो. दुपारी वीज जायची. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याचा वारा सुरूच्या बनातच अडकून राहायचा. आणि या सगळ्यात खरी अडचण उकाड्याची नव्हतीच, रेंजची होती. आमच्या घरात फोन लागत नाही. बागेत तर नाहीच. पाण्याच्या टाकीला बाहेरून जिना आहे, त्याच्या वरच्या पायरीवर गेलं तर लागतो, तोही लहर लागली तर महाराष्ट्राचा, नाहीतर हद्दीपलीकडच्या गुजरातचा. कॉलेजच्या सूचनांत लिहिलं होतं की जागा झाली तर फोन येईल आणि उमेदवाराने तेव्हाच उत्तर द्यावं; फोन न लागल्यास पुढच्या नावाला संधी. झालं! मी त्या वाक्याला देवाची पोथी केली. मानसी कामावर असेल तेव्हा ठीक, तिथे रेंज होती. ती घरात असली की फोन टाकीच्या पायरीवर आणि फोनजवळ मी. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे पहारा द्यायला मोकळी. डोक्यावर ओला पंचा टाकून मी तिथे गहू निवडले, लसूण सोलला, पापडाच्या लाट्या केल्या.

फोन येत नव्हते असं नाही. कर्ज हवंय का, म्हणून येत. एकदा अनोळखी नंबर वाजला, माझ्या हातातली परात जिन्यावरून घरंगळत खाली गेली, मी "हॅलो, येस, स्पीकिंग" असं सगळं एका दमात म्हणाले आणि पलीकडून एक व्यापारी म्हणाला, "बेन, केटलां खोखां मोकलो छो?" किती पेट्या पाठवताय, एवढंच त्याला हवं होतं. ह्यांचा नंबर लागेना म्हणून कुणीतरी मानसीचा दिला होता. मी त्याला जे काही बोलले ते मराठीच्या शिक्षिकेने बोलायचं नसतं.

सल्ले तर काय, चिंचेखालच्या चिंचांसारखे. माझा भाऊ बोरिवलीहून म्हणाला, "ताई, त्या कॉलेजात माझ्या साहेबांच्या ओळखीचं कुणीतरी आहे. टाकू का शब्द?" मला मोह झाला. खोटं कशाला बोलू, देव पाण्यात घालून बसलेल्या बाईला वशिल्याचा कसला विटाळ! पण मानसीने मामाला फोनवरच सांगितलं, "मामा, प्लीज नको. तिथे ते आवडत नाही. त्यांनी स्पष्ट लिहिलंय." शेजारच्या एकांनी सुचवलं, रोज एक मेल टाकावी, म्हणजे नाव डोळ्यांपुढे राहतं.

शाळेतल्या धोडी मॅडमना मी हे सांगितलं. त्या तलासरीच्याच, पाड्यावरून शिकून वर आलेल्या, आणि अकरावीच्या प्रवेशाचं काम आम्ही दोघी मिळून करतो. त्या हसल्या. "मॅडम, जूनमध्ये आपल्या दाराशी रोज येऊन उभे राहतात ते पालक आठवा. चौथ्या दिवशी तुम्ही काय करता?"

"खिडकी लावून घेते," मी म्हणाले.

"मग? आणि जो एकदाच येतो, नीट सांगतो की पोरीला इथेच शिकवायचंय, नंबर देऊन जातो, त्याचं?"

त्याचं नाव माझ्या लक्षात राहतं. जागा झाली की पहिला फोन मी त्यालाच करते. इतकी वर्षं मी यादीच्या अलीकडच्या बाजूला बसले होते. पलीकडे उभं राहायची वेळ आली तर अक्कल गहाण पडली. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

म्हणून ठरलं की एकच पत्र जाईल. कॉलेजने तशी मुभा दिली होती: मुलाखतीनंतर तुमच्याबाबतीत काही नवीन घडलं असेल तर एकदा कळवा. मानसी रोज संध्याकाळी ओट्यावर ते पत्र लिहायची आणि रोज खोडायची. इंग्रजीत होतं, पण मोठमोठ्या शब्दांचा पोकळ आवाज कुठल्याही भाषेत ओळखू येतो. नेतृत्व होतं, दूरदृष्टी होती, आव्हानं तर पायलीला पन्नास होती. मी म्हटलं, "अगं, ही कुणाची पोरगी आहे? मला ओळखू येत नाहीये." ती चिडली. "आई, असंच लिहितात." मग हळूच म्हणाली, "नवीन काय घडलंय माझ्यात? मुलाखत झाल्यापासून मी फक्त वाट बघतेय." दिवस मात्र सरत होते, पत्र पाठवायची मुदत जवळ येत होती.

आमचे हे या सगळ्यात कुठे होते? बागेत. त्यांना इंग्रजी कळतं, मेल कळते, पण वाट बघत बसणं कळत नाही. चिकू झाडावर पिकत नाही. तयार झाला की काढायचा, धुवून त्याची भुकटी उतरवायची, पेंढा घालून पेटीत भरायचा आणि झाकण लावायचं; पुढचं काम पेटी करते. "सारखं उघडून बघू नकोस गं, वाफ जाते," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे, कारण मी उघडून बघतेच. आणि आमच्याकडे कुणाशीही संबंध जोडायचा, राखायचा, तर पेटी जाते. सोयरीक, बारसं, डॉक्टर, मुलीचे शिक्षक, सासरचे, माहेरचे, सगळ्यांकडे. झाकणावर लाल स्केचपेनने दोन गोष्टी ठसठशीत लिहिलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी उघडा. आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव.

एका दुपारी जेवताना ह्यांनी ताटात भात घेतला आणि सहज सांगावं तसं म्हणाले, "मानसी, त्या तुझ्या कॉलेजला पेटी पाठवली हं परवा. कुरिअरने. आज पोचली असेल."

मानसीचा घास हातातच राहिला. "कुठली पेटी?"

"चिकूची. दुसरी कुठली? चांगली निवडून भरली. अॅडमिशनचं ऑफिस असतं ना, तिथल्या पत्त्यावर."

"पप्पा, वर नाव नाही ना घातलंत माझं?"

"म्हणजे? घातलं की. तुझा तो अर्जाचा नंबर पण घातला, त्यांना कळायला नको कुणाकडनं आली ती?"

पंखा बंद होता. बाहेर एक कोकीळ उगाच घसा फोडत होता. मानसी उठून उभी राहिली, तिच्या हाताला वरणभात तसाच. "पप्पा, लाच वाटणार ती त्यांना! अर्जाचा नंबर घालून फळांची पेटी? कापतील माझं नाव. कापलंच असेल आत्तापर्यंत!"

हे गोंधळले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. रस्ता चुकल्यावर माणूस इकडेतिकडे बघतो तसं बघत होते. "अगं, लाच कसली? चिकू आहेत. बिननावाची पेटी कोण पाठवतो? चोराची असते ती. चोरलेल्या मालावर नाव नसतं."

"तिथे उलटं असतं, पप्पा!" ती ओरडली आणि आत गेली. ह्यांनी ताटातला भात संपवला. पान टाकून उठायची त्यांना सवय नाही. पण मी बघत होते. तो भात त्यांनी नुसता गिळला.

माझी पाचावर धारण बसली होती. एवढी दोन वर्षं, एवढा अभ्यास, आणि चिकूपायी जागा जाते की काय! पण ह्यांच्यावर ओरडावं असंही होईना. मला शाळेतली एक गोष्ट आठवत होती. मागे एका मुलीचा अकरावीचा प्रवेश झाला आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील पाड्यावरून पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन आले. धोडी मॅडमनी आणि मी स्टाफरूममध्ये बसून ती खाल्ली, वर मीठही मागवलं. प्रवेशाच्या आदल्या दिवशी आणली असती तर? आम्ही हात लावला नसता, वर त्यांना दोन शब्द ऐकवले असते. करवंदं तीच, माणूस तोच. नंतर दिलं की पेढे, आधी दिलं की लाच. नियम बरोबर आहे. मी स्वतः पाळते. पण ज्याने आयुष्यभर आधीही दिलं आणि नंतरही दिलं, काम असताना दिलं आणि नसतानाही दिलं, त्याला हा नियम कुणी कसा समजावायचा?

संध्याकाळी मानसी टाकीच्या पायरीवर गेली. मी दोन पायऱ्या खाली बसले. तिने ते जुनं पत्र सगळं पुसलं आणि नवीन लिहिलं. एकदाही न थांबता. मग मला वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. माझ्या नावाची एक पेटी तुमच्याकडे आली असेल. ती माझ्या वडिलांनी मला न विचारता पाठवली. आमच्या गावात ज्या घराशी संबंध आला त्या घरी पेटी जाते, आणि नाव नसलेली पेटी चोरीची समजतात, म्हणून त्यांनी माझं नाव आणि नंबर लिहिला. तुमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो, हे त्यांना माहीत नव्हतं. कृपा करून ती फळं गेटवरच्या लोकांना किंवा मेसमध्ये द्या आणि माझ्या अर्जाशी त्यांचा संबंध लावू नका. माझ्याबाबतीत नवीन फारसं काही घडलेलं नाही. मी अजून उंबरगावला कामाला जाते, आणि तुम्ही बोलावलंत तर नक्की येईन. दुसरीकडे कुठे जाणार नाही. खाली नाव.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली. "पप्पांबद्दल लिहिताना मोठे शब्द येईनात."

ते वाचून झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी मनात पहिला विचार हाच की हे पाठवावं की नाही! समजा पेटी अजून पोचलीच नसेल? समजा कुणी झाकणावरचं नाव वाचलंच नसेल? मग आपणच आपल्या पायावर धोंडा. पण मानसीने बटण दाबलं होतं.

उत्तर आलं दोन ओळींचं. संस्था भेटवस्तू स्वीकारत नाही. फळे मेसमध्ये देण्यात आली आहेत. आपले पत्र आपल्या फाइलला जोडले आहे. बस. फाइलला जोडलं म्हणजे चांगलं की वाईट? मी त्या वाक्याचा इतका कीस पाडला की व्याकरणाच्या तासालाही मुलांनी माझी कीव केली असती. 'जोडले आहे' यात राग आहे का? 'आपले' म्हणतात म्हणजे आदर आहे ना? मानसीने शेवटी हात जोडले, "आई, माझे आई, झाकण लाव आता त्याला."

त्यानंतर घरात एक गोष्ट झाली, जी मला उशिरा लक्षात आली. पेट्या जायच्या थांबल्या. व्यापाराच्या जात होत्या, टेम्पो यायचा, भरून डहाणूकडे जायचा. पण देण्याच्या पेट्या थांबल्या. धोडी मॅडमच्या भाच्याचं लग्न होतं, मी निघताना विचारलं, "अहो, पेटी?" ह्यांनी पाकीट पुढे केलं. आमच्या घरातून लग्नाला पाकीट! मी म्हटलं, "बरं नाही वाटत हो." ते म्हणाले, "हल्ली असंच देतात. कुणाला काय वाटायला नको." आवाज साधाच होता. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि तलासरीच्या एसटीत बसल्यावर मला रडू आलं. शेजारची बाई विचारायला लागली, माहेरचं कुणी गेलं का. तिला काय सांगणार, की आमच्याकडे एक पेटी कमी निघाली?

मानसीला हे दिसलं होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. बापलेकीचं बोलणं चालू होतं, चहा घे, छत्री घे, दिवा मालव, असलं. त्या दोघांमध्ये आता 'लाच' हा एक शब्द बसला होता. तिने तो रागाने म्हटला नव्हता, घाबरून म्हटला होता. ह्यांनाही ते कळत होतं. पण लागायचं ते लागतंच.

लिची संपली, जाळ्या उतरल्या. जांभळांनी अंगण माखलं. कॉलेजं सुरू व्हायची वेळ आली आणि माझी आशा इतकी बारीक झाली की मी टाकीवर गहूसुद्धा न्यायचे नाही, नुसतीच बसायचे. आणि फोन आला तेव्हा मानसी नेमकी न्हाणीघरात होती. अनोळखी नंबर, एका बाईंचा आवाज, स्वच्छ इंग्रजी. मानसीचं पूर्ण नाव घेतलं त्यांनी. मी "वन मिनिट, मॅडम, प्लीज डोंट कट" म्हणत जिना उतरायला निघाले आणि दुसऱ्याच पायरीवर भान आलं की खाली रेंज नाही! तशीच परत वर चढले आणि गळा फाडून ओरडले, "मानसी, ये गं, आधी ये!" ती आली ती केसांना शिकेकाई तशीच, गाऊनवर पंचा गुंडाळलेला. फोनवर "यस मॅम, यस मॅम" एवढंच बोलली. कपाळावरून पाणी ओघळत होतं, डोळे चुरचुरत असणार, पण तिने हात वर नेला नाही. फोन ठेवून तिने नुसती हो म्हणून मान हलवली. त्या बाईंनी चिकूचं नावही काढलं नव्हतं.

पत्रामुळे झालं, की पत्र असूनही झालं, की कुणीतरी दुसऱ्याच कॉलेजला गेलं म्हणून आपोआप झालं, हे मला आजही ठाऊक नाही. हंसाबेनना मी हेच सांगितलं. म्हटलं, एकच पत्र पाठव, क्रिना. खरं लिही. नवीन काही घडलं असेल तर सांग, नसेल तर उगाच शोधून काढू नकोस. बोलावलंत तर येईन, हे स्पष्ट लिही. ओळखीच्यांना शब्द टाकायला लावू नका. आणि फोन रेंजमध्ये ठेव. न्हायला जाशील तेव्हासुद्धा.

"बस, एटलुंज?" हंसाबेनचा चेहरा पडला. त्यांना काहीतरी खास हवं होतं, उपास, वार, एखादा मंत्र.

"एवढंच," मी म्हणाले. "बाकी झाकण लावून ठेवायचं."

पेटीचं मी बोलले नाही. तेवढ्यात हे बागेतून आले, हंसाबेन निघाल्यात हे पाहिलं, शेडमध्ये गेले आणि एक पेटी आणून क्रिनाच्या हातात ठेवली. झाकणावर लाल अक्षरात नाव. "तिसऱ्या दिवशी उघड," ते तिला म्हणाले. मला हसू आलं आणि मग हसू थांबलं, कारण गेल्या वर्षीची ती सकाळ आठवली, मानसीच्या निघण्याची.

पाऊस धरून होता. रिक्षा फाटकाशी उभी, डहाणूहून गाडी पकडायची होती. माझं कडबोळी, चटण्या, लोणचं, औषधं, एक जादा छत्री, सगळं तीनतीनदा मोजून झालं होतं. मानसीने सामानावरून नजर फिरवली आणि विचारलं, "पप्पा, पेटी कुठाय?"

हे म्हणाले, "नको गं. पावसाचं फळ आहे. आणि तिथे लोक..."

"पेटीशिवाय कशी जाऊ?" ती म्हणाली. "रिक्षावाले काका थांबतील. भरा."

ते शेडमध्ये गेले. आम्ही दोघी ओट्यावरून बघत होतो. पावसात चिकू कमी असतो, पण असतील तेवढे त्यांनी नख लावून लावून निवडले, पेंढा पसरला, थर लावले, झाकण बसवलं, टेप मारली. घाई असूनही एकही काम वगळलं नाही. पेटी आणून रिक्षात ठेवली. झाकण कोरं होतं.

मानसीने ते पाहिलं. शेडमध्ये जाऊन खिळ्याला अडकवलेलं लाल स्केचपेन घेऊन आली, रिक्षात वाकली आणि झाकणावर आधी वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, मग खाली, घोलवड. अक्षरं इतकी मोठी की रस्त्यापलीकडून वाचता यावीत.

"बिननावाची पेटी चोराची असते ना, पप्पा?" ती म्हणाली. "ही मी स्वतः त्या ऑफिसात नेऊन देणार आहे. आता चालतं. आता मी त्यांच्याकडचीच आहे."

ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "थांब, कडेला टेप सुटलीय वाटतं, रोल घेऊन येतो," आणि वळून घरात गेले. बराच वेळ आले नाहीत. टेपचा रोल त्यांच्या मनगटातच होता.